चिहिरो कला संग्रहालय, टोकियो : तोत्तोचानच्या चित्रांच्या घरी

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून ज्यांनी वाचले आहे, त्यांना आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती शाळा आणि कोबायाशी गुरुजी जसे आठवतात, तशीच त्या पुस्तकात अधूनमधून भेटणारी मुलेही आठवतात. मान किंचित कललेली, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, आणि भोवतीचा कागद बहुतेक कोरा. माझी आई सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी हे पुस्तक तिने चौथीच्या वर्गाला वाचून दाखवले. त्यामुळे ती आमच्याकडे टोकियोला यायची ठरली, तेव्हा देवळे आणि बागा यांच्याआधी तिने एकच ठिकाण सांगितले होते : ‘त्या चित्रांच्या बाईंचं घर.’ त्या बाई म्हणजे चिहिरो इवासाकी, आणि ते घर म्हणजे आजचे चिहिरो कला संग्रहालय. आई, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी अशा आम्ही तिघी एका शनिवारी तेथे जाऊन आलो. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांवर ज्यांचे प्रेम आहे, अशा मराठी वाचकांनी टोकियोला आल्यावर हे ठिकाण चुकवू नये, असे मला मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जायला फार यातायात नाही. यामानोते मार्गावरच्या ताकादानोबाबा स्थानकात सेइबू शिंजुकू मार्गावर गाडी बदलायची आणि कामी-इगुसा स्थानकात उतरायचे. जलद गाड्या या स्थानकात थांबत नाहीत, त्यामुळे सर्व स्थानकांवर थांबणारी गाडीच धरावी. स्थानकाबाहेर गंडाम या यंत्रमानवाचा पुतळा आहे, कारण ती कार्टून मालिका काढणारा स्टुडिओ याच भागात होता. लहान मुले बरोबर असतील तर तेथे थोडा वेळ मोडणार, हे गृहीत धरावे. तेथून सात-आठ मिनिटांची पायवाट शांत वस्तीतून जाते. दोन्ही बाजूंना साधी घरे, दारात कुंड्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली. आपण एखाद्या मोठ्या संग्रहालयाकडे चाललो आहोत असे वाटतच नाही, आणि ते योग्यच आहे, कारण चिहिरो यांनी आयुष्याची शेवटची बावीस वर्षे ज्या जागेवरच्या घरात काढली, त्याच जागेवर हे संग्रहालय उभे आहे. १९७४ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी त्या गेल्या आणि तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, घरच्यांनी राहत्या जागीच हे संग्रहालय सुरू केले. केवळ मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांना वाहिलेले जगातले हे पहिले संग्रहालय मानले जाते. आजची इमारत वास्तुविशारद हिरोशी नाइतो यांची असून ती २००२ मध्ये बांधून झाली. तीही बुटकी, आजूबाजूच्या घरांच्या उंचीला धरून राहिलेली आहे.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती चित्रांची उंची. कोणत्याही कलादालनात मोठ्या माणसाच्या नजरेच्या बेताने चित्रे लावलेली असतात आणि मुले मान वर करून कंटाळतात. येथे चित्रे नेहमीपेक्षा खाली लावलेली आहेत. माझी मुलगी सरळ चित्रासमोर उभी राहिली आणि मी व आई किंचित वाकलो. हा बदल काही सेंटिमीटरांचाच, पण ज्यांच्यासाठी ही चित्रे काढली त्यांना आधी मान, हे त्यातून न बोलता कळते. शाळकरी मुलांना प्रवेश मोफत आहे आणि मोठ्यांना हजार-बाराशे येनांच्या आसपास तिकीट पडते. अगदी लहान मुलांसाठी खेळण्याची वेगळी खोली आहे, त्यामुळे तान्हे मूल घेऊन आलेली आईसुद्धा येथे अवघडत नाही.

आता चित्रांविषयी. छापील पुस्तकात आपण जे पाहतो आणि मूळ कागदावर जे असते, त्यांत एवढे अंतर असेल याची मला कल्पना नव्हती. आपल्याकडे ‘तोत्तोचान’ नॅशनल बुक ट्रस्टने परवडणाऱ्या किमतीत घरोघरी पोहोचवले, ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्यातली आतली चित्रे काळी-पांढरी आहेत आणि मी चिहिरो यांना तेवढ्यावरूनच ओळखत होते. मूळ चित्रापाशी गेल्यावर कळते की या बाई रेषेपेक्षा पाण्यावर जास्त विसंबत. ओल्या कागदावर रंग सोडायचा, तो आपल्या वाटेने पसरू द्यायचा, दुसरा रंग त्यात मिसळू द्यायचा, आणि नेमक्या क्षणी हात थांबवायचा. एका चित्रात मुलीच्या टोपीची कड कोठे संपते आणि मागचे आभाळ कोठे सुरू होते हे मी पाच मिनिटे शोधत होते. तेथे कडच नव्हती. जांभळट रंगाचा एक ओघळ सुकताना मागे जी गडद किनार राहते, तीच टोपीची कड झाली होती. मुलीच्या गालाला तर रंगच लावलेला नव्हता, तेथे कोरा कागद होता. भोवती रंग इतक्या हलक्या हाताने आणून सोडला होता की त्या कोऱ्या कागदालाच गालाची गोलाई आली होती. जलरंगात चुकले की खोडता येत नाही, हे शाळेत चित्रकलेच्या तासाला कागद फाटेपर्यंत घासलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे एवढे मोकळे चित्र काढायला किती शिस्त लागली असेल, हे चित्रापाशी उभे राहिल्यावरच उमगते. किशोरवयापासून चित्रकला आणि पुढे जपानी सुलेखन यांचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले होते. ब्रश एकदा टेकवला की परत फिरायचे नाही, हा सुलेखनाचा धडा या जलरंगांत दिसतो, असे मला वाटते.

मी ‘चांदोबा’ वाचत वाढले. शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसून चालणारा विक्रम माझ्या पिढीच्या मनावर कोरलेला आहे. त्या चित्रात स्मशानातली झाडे, कवट्या, दागिने, वस्त्राच्या चुण्या, सगळे काही भरगच्च काढलेले असते आणि मूल त्यात तासन्‌तास हरवून जाते. चित्राने सगळे द्यावे आणि मुलाने ते वेचावे, असा तो व्यवहार आहे आणि तो मला आजही तेवढाच प्रिय आहे. चिहिरो यांचा व्यवहार नेमका उलटा. त्या मुलीला उभे करतात आणि तिच्याभोवतीची खोली, अंगण, रस्ता, बाकीची माणसे, सगळे काढून टाकतात. ते भरायचे काम बघणाऱ्या मुलाकडे येते.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ‘तोत्तोचान’च. कित्येक वाचकांना वाटते, आणि मलाही वाटत असे, की लेखिकेने पुस्तक लिहिले आणि चित्रकर्तीने त्यासाठी चित्रे काढली. प्रत्यक्षात पुस्तक जपानीत १९८१ मध्ये आले आणि चिहिरो १९७४ मध्येच गेलेल्या होत्या. त्या पुस्तकातली एकही ओळ त्यांनी वाचलेली नव्हती. कुरोयानागी यांनी मागे राहिलेल्या चित्रांतून आपल्या मजकुराला साजतील अशी चित्रे निवडली. चिहिरो हयात असतानाच पुस्तक लिहायला घेतले होते का, असे लोक आपल्याला सारखे विचारतात, असे त्यांनी पुस्तकाच्या शेवटी लिहिले आहे. हे वाचूनही माझा विश्वास बसत नव्हता. तेथे ती मूळ चित्रे आणि त्यांची निर्मितीची वर्षे शेजारी शेजारी पाहिल्यावर बसला. एका मुलीचे चित्र कोण जाणे कशासाठी काढलेले, आणि दहा वर्षांनी ती तोत्तोचान झाली. ती होऊ शकली, कारण चित्रकर्तीने तिच्याभोवती कोणतेही घर, कोणतीही शाळा पक्की केलेली नव्हती. आणि तरीही ती कोणतीही मुलगी नाही. तिची उभी राहण्याची ढब, पाय आत वळवून उभे राहणे, हात मागे बांधणे, हे इतके नेमके आहे की असे उभे राहणारे मूल आपण आपल्याच आळीत पाहिलेले असते. कोठे नेमके राहायचे आणि कोठे मोकळे सोडायचे, याची ही जाण हेच मला या चित्रांचे खरे बळ वाटते.

हे नेमकेपण बाळांच्या चित्रांत सर्वांत जास्त दिसते. सहा महिन्यांचे बाळ आणि नऊ महिन्यांचे बाळ यांतला फरक या बाई चित्रातून दाखवू शकत, असे कुरोयानागी यांनी लिहिले आहे. मी हे वाक्य पूर्वी वाचून पुढे गेले होते. आईने मात्र ते तपासूनच पाहिले. बाळांच्या चित्रांपुढे ती थांबली आणि पुटपुटत गेली : ‘हे अजून पाठ धरायचंय. हे बसतं, पण कलंडेल. हे रांगायच्या बेतात आहे बघ, गुडघा कसा आत घेतलाय.’ घरात चार-सहा बाळे वाढताना पाहिलेल्या बाईच्या तोंडचे हे शब्द होते आणि चित्रांनी तिला एकदाही निराश केले नाही. चिहिरो स्वतः एका मुलाच्या आई होत्या आणि त्यांनी मुलांची असंख्य रेखाटने केलेली होती. नंतरची बरीच चित्रे त्यांनी समोर कोणाला न बसवता, आठवणीतूनच काढली.

सगळी चित्रे गोड आहेत अशी कोणाची समजूत असेल, तर ‘युद्धाच्या आगीतली मुले’ अशा अर्थाच्या नावाच्या त्यांच्या १९७३ च्या पुस्तकातली चित्रे पाहावीत. व्हिएतनामचे युद्ध चालू होते तेव्हाचे हे पुस्तक. आजारी असताना त्यांनी ते पुरे केले आणि त्यांच्या हयातीत पूर्ण झालेले ते शेवटचे चित्रपुस्तक ठरले. येथे ते जांभळे-गुलाबी पाणी जवळजवळ नाही. काळ्या-करड्या रंगात एक आई मुलाला छातीशी धरून आहे आणि तिचे डोळे या एका चित्रात ठिपके राहिलेले नाहीत, ते समोर रोखलेले आहेत. मे १९४५ मध्ये टोकियोवर झालेल्या बाँबहल्ल्यात चिहिरो यांचे स्वतःचे घर जळाले होते. तोत्तोचानची तोमोए शाळाही त्याच वर्षी बाँबहल्ल्यात जळाली. हे दोन्ही माहीत असल्यावर बाकीच्या दालनांतल्या निवांत मुलांकडे पाहण्याची नजर बदलते. ती निवांतता भाबडेपणातून आलेली नाही. कशाची राखरांगोळी होऊ शकते हे पाहिलेल्या बाईने ती जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा काढली आहे. माझ्या मुलीने त्या चित्रापुढे माझा हात धरला, काही विचारले नाही, आणि मीही काही समजावले नाही.

त्यांची अभ्यासिका एका भागात जशीच्या तशी मांडून ठेवली आहे : टेबल, ब्रश, रंग, पुस्तके. त्या डावखुऱ्या होत्या, हे कळल्यावर माझ्या डावखुऱ्या मुलीने टेबलावरच्या वस्तू कोणत्या हाताच्या सोयीने ठेवल्या आहेत हे काचेला नाक लावून तपासले. त्यांना आवडणाऱ्या फुलांची छोटी बाग बाहेर आहे, तीही पाहावी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, पण घाईत असलेल्या पाहुण्याच्या ती नजरेतून सुटेल. चिहिरो यांची सुमारे साडेनऊ हजार चित्रे आज जपलेली आहेत. हे आपोआप घडलेले नाही. त्यांच्या काळात चित्र एकदा छापखान्यात गेले की ते परत येईलच असे नव्हते, मूळ चित्र प्रकाशकाकडेच राहायचे किंवा हरवायचे, आणि त्याचे फारसे कोणाला काही वाटत नसे. चित्रकाराचा आपल्या चित्रावर हक्क असतो आणि मूळ चित्र त्याच्याकडे परत आले पाहिजे, हा आग्रह चिहिरो यांनी हयातभर धरला, प्रसंगी काम सोडण्याची तयारी ठेवून धरला. आज आपण त्या ओघळाची किनार डोळ्यांनी पाहू शकतो ती या आग्रहामुळे. मी लहानपणी ज्या मराठी पुस्तकांवर वाढले, त्यांतल्या चित्रांचे मूळ कागद आज कोणाच्या कपाटात असतील, हा प्रश्न तेथे उभी असताना मला पडला आणि अजून सुटलेला नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतःच चित्रे काढणाऱ्या चित्रकर्तीची मूळ चित्रे अशाच एखाद्या बुटक्या, घरगुती इमारतीत, मुलांच्या उंचीवर लावलेली पाहायला मिळावीत, असे मला अगदी आतून वाटते. त्यांच्या चित्रांतली, फरशीवर बसकण मारलेली मुले त्या भिंतीवर किती शोभतील!

जायच्या आधी काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. जलरंगांना उजेड सोसत नाही, म्हणून दालनांत प्रकाश मंद असतो आणि चित्रे वर्षातून काही वेळा बदलली जातात. आपल्याला हवे तेच चित्र भिंतीवर असेल असे सांगता येत नाही. मूळ चित्राला विश्रांती देण्यासाठी कधी कधी त्याची छापील हुबेहूब प्रत लावतात. तिला तेथे पिएझोग्राफ म्हणतात. मूळ कोणते आणि प्रत कोणती हे शेजारच्या पाटीवरून कळते, ती अवश्य वाचावी. प्रत वाईट नसते, पण कागदावर पाणी सुकल्याची ती खरखर तिच्यात येत नाही. माहिती मुख्यतः जपानीत आहे, तेव्हा जपानी न येणाऱ्याने घरूनच थोडे वाचून जावे. संग्रहात इतर देशांतल्या चित्रकारांचीही पुष्कळ कामे आहेत आणि त्यांची प्रदर्शने लागतात. सोमवारी सुट्टी असते आणि हिवाळ्यात काही आठवडे संग्रहालय बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी तारखा पाहाव्यात. उपाहारगृह छोटेसे, बागेकडे तोंड केलेले आहे. आम्ही चहा आणि केक घेतला, दोन्ही चांगले होते, पण पोटभर जेवायचे असेल तर ते आधीच उरकून यावे.

आमचा सर्वांत जास्त वेळ मात्र ग्रंथालयात गेला, आणि मुले बरोबर असतील तर तुमचाही तेथेच जाईल. बसून हवी ती चित्रपुस्तके वाचता येतात. पावसाच्या दिवशी आई येईपर्यंत घरात एकट्या राहिलेल्या मुलीविषयीचे चिहिरो यांचे १९६८ चे पुस्तक माझ्या मुलीने काढले. गोष्ट अशी फारशी नाहीच. एक मुलगी, पाऊस आणि वाट पाहणे. मजकूर पानाला एक-दोन ओळींचा आणि पान सगळे पाण्याने भिजल्यासारखे. मुलगी जपानी शाळेत जाते, त्यामुळे ती मोठ्याने वाचू लागली. आईला जपानीचे अक्षरही कळत नाही. मी भाषांतर करायला गेले तर आईने हाताने थांबवले. खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी काढणाऱ्या मुलीच्या पानावर ती म्हणाली, ‘हिचा वेळ जात नाहीये.’ पुढे पडद्यात स्वतःला गुंडाळून घेतलेल्या मुलीचे पान आले. माझी मुलगी म्हणाली, ‘आजी, ती लपलीये.’ आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘लपली नाही गं. घाबरलीये. लपणारं पोर एका डोळ्यानं बाहेर बघतं. ही बघतच नाहीये.’ त्यावर दोघींचे कोणत्याही भाषेशिवाय चांगले दहा मिनिटे भांडण चालले, एक पान मागे, एक पान पुढे करत. मी मध्ये पडले नाही. पुस्तकातल्या चित्राने काय करावे, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

बाहेर पडायच्या आधीचे दुकान लहान आहे, पण तेथे पैसे खर्च करायला हरकत नाही. भेटकार्डे स्वस्त आहेत आणि छपाई फार चांगली आहे. भिंतीवर लावण्याजोग्या मोठ्या प्रती महाग वाटल्या. जपानी चित्रपुस्तके भारतात भेट द्यायला उत्तम, मजकूर कळला नाही तरी. ज्यांच्या हाताशी आणखी एक दिवस आहे, त्यांनी नागानो प्रांतातल्या मात्सुकावा गावी असलेले याच संस्थेचे १९९७ चे दुसरे संग्रहालयही पाहावे. तेथल्या उद्यानात जुने आगगाडीचे डबे आणून तोत्तोचानचा वर्ग उभा केलेला आहे, पण ते संग्रहालय हिवाळाभर बंद असते.

आईने टोपीतल्या मुलीचे कार्ड घेतले, ते शाळेतल्या तिच्या जुन्या सहकारी बाईंसाठी. स्वतःसाठी तिने पडद्यातल्या मुलीचे पुस्तक घेतले. गावी परतल्यावर तिने शेजारच्या मुलांना ते दाखवायला सुरुवात केली आहे, मजकूर न वाचता, आणि लपली की घाबरली याचा हिशेब ती मला फोनवर कळवते. परवापर्यंत सात जण लपलीच्या बाजूने होते आणि चार जण घाबरलीच्या.